पोटखराब : आपला माळ ‘पडीक’ कधी झाला?

पोस्ट मोठी आहे. पण सोलापूर, इंदापूर, बारामती, माण-खटाव, आटपाडी, जत, कर्जत या पट्ट्यातल्या लोकांनी तरी पूर्ण वाचावी. विषय आपल्या पायाखालचा आहे.

सातबारा आपल्यापैकी बहुतेकांनी हातात धरलेला असतो. त्यात लागवडीयोग्य क्षेत्र झालं की एक नोंद येते, ‘पोटखराब’. म्हणजे गटाच्या पोटातली अशी जागा जिथे नांगर चालत नाही. खडक, मुरूम, ओढ्याचा काठ, वगैरे. गावाच्या पातळीवर हाच विचार मोठा होतो आणि त्याला ‘मुलकी पड’, ‘पडीक’, ‘ओसाड’ अशी नावं पडतात. दिल्लीला पोचला की तो ‘वेस्टलँड’ होतो आणि त्याचा रंगीत नकाशा छापून निघतो. आज या एका शब्दाचा इतिहास सांगायचाय. माझं म्हणणं असं आहे की आपल्या माळाचं जेवढं नुकसान दुष्काळाने केलं नाही तेवढं या शब्दाने केलं.

आधी माळ म्हणजे काय ते बघू, कारण आपणच त्याला विसरलोय.

आपल्याकडे वर्षाला पाचशे-साडेपाचशे मिलिमीटर पाऊस. तोही लहरी. जमीन बऱ्याच ठिकाणी वीतभर, खाली मुरूम आणि त्याखाली कातळ. अशा जागी दाट जंगल आपणहून उभं राहत नाही, तिथे गवत राज्य करतं. मारवेल, पवना, कुसळी. मधूनमधून हिवर, बाभूळ, बोर, तरवड. गवताची गंमत अशी की त्याचा वाढीचा कोंब बुडाशी, जमिनीलगत असतो. मेंढरानं शेंडा खाल्ला, उन्हाळ्यात वरचं वाळून गेलं, वणव्यात पात जळलं, तरी बूड शाबूत राहतं आणि मृगाचा पाऊस पडला की आठ-दहा दिवसांत माळ हिरवा. झाडाचं रोप त्याच खाण्याने किंवा जाळाने मरतं. म्हणजे चरणारं जनावर गवताचा शत्रू आहे हे अर्धंच खरं. हिशेबात चरलं तर ते गवताचं राखणदारही असतं, झाडोरा वाढू देत नाही. उलट दाट सावली हे या गवतांचं मरण आहे, त्यांना ऊन लागतं. आणि वर जे दिसतं त्याहून कितीतरी जास्त मुळांच्या रूपाने खाली असतं. माती धरून ठेवणं, पाणी मुरवणं, कार्बन साठवणं हे सगळं काम तिथे, न दिसणाऱ्या जागी चालतं.

शाळेच्या पुस्तकात अन्नसाखळी असायची. गवत, नाकतोडा, बेडूक, साप, गरुड. एकाखाली एक बाण. माळावर तसं सरळ नसतं. गवतावर नाकतोडे, नाकतोड्यांवर चंडोल आणि माळढोक. गवतावरच काळवीट आणि चिंकारा, त्यांच्यावर लांडगा. मेंढरांच्या लेंड्या आणि गुरांच्या शेणावर किडे, त्या किड्यांवर पुन्हा पक्षी. बोराची फळं कोल्हाही खातो, माळढोकही खातो, आणि बी लांब नेऊन टाकतो. आणि या सगळ्याच्या मध्ये धनगर, आपली दख्खनी किंवा माडग्याळ मेंढरं घेऊन. पावसाळ्यात कोरड्या माळावर राहायचं, कारण चिखलात मेंढरांचे खूर सडतात. पावसाळा सरला, माळ वाळला की नदीखोऱ्याकडे किंवा घाट उतरून कोकणात जायचं. वाटेत शेतकरी हाक मारून रानात मेंढ्या बसवून घेणार. रात्रभराच्या लेंड्या आणि मूत म्हणजे फुकटचं खत. त्याबदल्यात धान्य, आता पैसे. माळावर उगवलेलं गवत अशा रीतीने मेंढराच्या पोटातून ज्वारीच्या शेतात जात होतं. एखादं मेंढरू लांडगा न्यायचा. आमच्याकडचे एक म्हातारे मेंढपाळ म्हणायचे, त्याचा वाटा त्याला जातोच. नुकसान त्यांना कळत नव्हतं असं नाही. पण त्यांच्या हिशेबात लांडग्यालाही रकाना होता. आपल्या सातबाऱ्यात तो नाही.

आता कोणी म्हणेल, हे सगळं ठीक, पण पूर्वी इथे घनदाट जंगल होतं, माणसानं तोडलं, म्हणून माळ झाला. मीही लहानपणापासून हेच ऐकलंय. शाळेत, भाषणांत, वृक्षदिंडीत. पश्चिमेला सह्याद्रीच्या उतारावर ते खरंही आहे. पण पर्जन्यछायेतल्या आपल्या पठाराबद्दल पुरावे वेगळं सांगतात.

जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटणे नावाची जागा आहे. तिथे पुरातत्त्वज्ञ एस. ए. साळी यांनी उत्खनन केलं. सापडलं काय, तर शहामृगाच्या अंड्यांची कवचं. त्यांचे मणी केलेले आणि एका तुकड्यावर नक्षी कोरलेली. काळ सुमारे २५,००० वर्षांपूर्वीचा. खानदेशात शहामृग! आणि शहामृग काही दाट जंगलातला पक्षी नव्हे, त्याला धावायला मोकळं रान लागतं. शेती यायच्या कितीतरी आधीची ही गोष्ट, म्हणजे झाडं तोडून शेत करणारा माणूस अजून जन्मायचा होता. पुढे घोडनदीच्या काठी इनामगावला, ख्रिस्तपूर्व १६०० ते ७०० या काळातल्या शेतकऱ्यांच्या वस्तीत, डेक्कन कॉलेजच्या लोकांना जनावरांची हाडं मिळाली. त्यांत काळवीट आहे. काळवीट पुन्हा माळावरचंच.

अलीकडचा एक अभ्यास तर मला फार आवडला, कारण त्यात पुरावा म्हणून आपली मराठी वापरली आहे. दिग्विजय पाटील आणि आशिष नेर्लेकर या दोघा संशोधकांनी तेराव्या शतकापासूनच्या जुन्या मराठी कथा, ओव्या, संतचरित्रं चाळून त्यांत कुठे कुठे कुठल्या रानटी झाडाझुडपांचा उल्लेख येतो ते शोधलं. २०२५ मध्ये ते प्रसिद्ध झालं. ओळखता आलेल्या वनस्पतींपैकी बहुसंख्य निघाल्या माळरानाच्या. घनदाट अरण्याच्या अगदी थोड्या. म्हणजे किमान साडेसातशे वर्षं तरी इथला माणूस असाच विरळ काटेरी झाडांचा, गवताळ मुलूख बघत आलाय. तसं बघितलं तर हे आपल्यालाही ठाऊक होतं. पंढरपुरात कान्होपात्रेची कथा सांगताना कुठलं झाड उगवलं म्हणून सांगतात? तरटीचं. तरटी हे काटेरी, कोरड्या माळाचं झाड आहे. खंडोबाची बाणाई धनगराची. बिरोबा, म्हस्कोबा हे मेंढपाळांचे देव. गुंथर सोंथायमर हा जर्मन अभ्यासक या देवांमागे आयुष्यभर आपल्या माळांवरून फिरला. मुळात इथे माळ नसता तर हे देव इथे कशाला आले असते?

मग याला ‘पडीक’ कोणी ठरवलं? मराठ्यांच्या राज्यात तरी तसा विचार दिसत नाही. घोडदळावर उभं असलेलं राज्य गवताला फालतू समजेल कसं? शिवाजी महाराजांचं चिपळूणच्या छावणीतल्या अधिकाऱ्यांना १६७० च्या दशकात लिहिलेलं प्रसिद्ध पत्र आहे. रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावू नका, हा त्यातला भाग सगळे सांगतात. पण त्या पत्राचा मोठा भाग वैरणीबद्दल आहे. आत्ता बेहिशेब वैरण उडवलीत तर पावसाळ्यात मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील, आणि ती तुम्हीच मारल्यासारखी होतील, असा सरळ दम आहे. रात्री दिवा उघडा ठेवू नका, उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गंजी जळेल, इथपर्यंत बारीक सूचना. गवत ही राज्याची ठेव होती. पेशवाईत पागेसाठी कुरणं राखलेली असत. पुणे जिल्ह्यात आजही ‘कुरण’ नावाची गावं आहेत, तिथल्या मुलांना नाव का पडलं हे कुणी सांगत असेल का कोण जाणे.

१८१८ ला पेशवाई बुडाली. कंपनी सरकारला दोन गोष्टी हव्या होत्या : नवीन मुलखात काय काय आहे याची यादी, आणि सारा. यादीचं काम विल्यम हेन्री साईक्स या फौजी अधिकाऱ्याने केलं. माणूस चौकस होता. दख्खनचे पक्षी, प्राणी, पिकं, बाजारभाव सगळं लिहून ठेवलं. आपल्या लांडग्याचं शास्त्रीय वर्णन १८३१ मध्ये पहिल्यांदा त्यानेच केलं, इथल्याच लांडग्यावरून. माळढोक दख्खनमध्ये मुबलक आहेत असं तो लिहितो. आणि एका साहेबाने हजारभर माळढोक मारल्याचंही नोंदवतो. हजार. आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

साऱ्याचं काम आधी प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने केलं आणि पार फसलं. दर इतके चढे की इंदापुरातले शेतकरी जमिनी टाकून निघून गेले. मग १८३५ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यातूनच नवी मोजणी सुरू केली. तीच पुढे सगळ्या मुंबई इलाख्याची पद्धत झाली आणि आजचा आपला सर्व्हे नंबर तिथूनच आला. प्रत्येक शेताला नंबर, हद्दीला दगड, मातीची खोली आणि रंग बघून आण्यांत प्रत. काळी, खोल जमीन सोळा आण्यांची. मातीची खोली कमी होत जाईल तसे आणे उतरत जातात. आणि ज्यातून सारा निघूच शकत नाही ते खराब.

इथे मला कुणावर आरोप करायचा नाहीये. विंगेटने दर खाली आणले, लोक परत आले, रानं पुन्हा पेरली गेली. शेतकऱ्याच्या दृष्टीने ते चांगलंच झालं. पण गोची बघा. जमिनीकडे बघायची फूटपट्टी एकच राहिली, नांगर चालतो का. मेंढरं, घोंगडी, लोणी, खत, गवत, शिकार, औषधी पाला, हे सगळं त्या फूटपट्टीत मावत नव्हतं. ‘खराब’ हा सारा-वसुलीचा शब्द होता. जमिनीच्या प्रकृतीबद्दल त्यात काहीच म्हटलेलं नव्हतं. आपण मात्र पुढे तो प्रकृतीचाच निदानशब्द म्हणून वापरायला लागलो.

१८७८ चा जंगल कायदा आला तेव्हा दुसरा फास बसला. डोंगर, टेकड्या, गवताळ पडी यांच्यावर राखीव जंगलाची रेघ ओढली गेली. झाड असो नसो. हे तेव्हाच ओळखणारा माणूस आपल्यात होता. महात्मा फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये, १८८३ साली, जंगल खात्यावर कोरडे ओढलेत ते याच कारणाने. डोंगरदऱ्या आणि गायरानं सरकारने घशात घातली, आता गरिबांच्या शेरडामेंढरांनी चरायचं कुठे, हा त्यांचा सवाल. शेतकऱ्याची दैना सांगताना चराईचा मुद्दा घेणं याला जमिनीची जाण लागते. आपण फुल्यांचे पुतळे उभारतो, हे पान मात्र वाचत नाही.

स्वातंत्र्यानंतर तरी चित्र बदलायला हवं होतं. तोवर माळावरचा सगळ्यात वेगवान प्राणी संपलेला होता. कोल्हापूर संस्थानात काळविटाच्या शिकारीसाठी चित्ते पाळायची मोठी परंपरा होती. इथले मिळेनासे झाले तेव्हा आफ्रिकेतून आणले जायचे. १९५२ मध्ये भारतातून चित्ता नामशेष झाल्याचं जाहीर झालं. पुढे राष्ट्रीय पक्षी ठरवायची वेळ आली तेव्हा सालिम अलींनी माळढोकाचं नाव लावून धरलं होतं. १९६३ मध्ये मोर ठरला. मोर सुंदर आहे, तक्रार नाही. पण तेव्हा माळढोक ठरला असता तर निदान प्रत्येक शाळेत माळाचं चित्र लागलं असतं.

शास्त्रज्ञांचीही चूक आहे. चॅम्पियन आणि सेठ यांचं भारतातल्या वनांचं वर्गीकरण १९६८ मध्ये आलं आणि वनखात्याचं ते प्रमाण पुस्तक झालं. त्यात आपला मुलूख बसतो ‘काटेरी वन’ या कप्प्यात. म्हणजे मूळ रूप जंगल, आणि आज दिसतं ते त्याचं बिघडलेलं रूप. १९७३ मध्ये दबडघाव आणि शंकरनारायण यांनी देशातल्या गवताळ प्रदेशांची नीट वर्गवारी केली, आपल्या पवना-मारवेल पट्ट्याला त्यात स्वतंत्र स्थान दिलं. पण तिथेही गवत म्हणजे जंगलाकडे जायच्या वाटेवरचा टप्पा, हा समज कायम राहिला. या समजुतीतून जे धोरण निघायचं तेच निघालं : झाडं लावा.

१९८५ मध्ये राजीव गांधींच्या सरकारने राष्ट्रीय पडीक जमीन विकास मंडळ स्थापन केलं. दरवर्षी ५० लाख हेक्टरवर लागवड करायचं उद्दिष्ट. २००० पासून वेस्टलँड अ‍ॅटलस निघू लागला, उपग्रहाच्या चित्रांवरून. झुडपी माळ त्यात ‘वेस्टलँड’च्या रकान्यात. आपल्या राज्यात २०१६ ला २ कोटी, २०१७ ला ४ कोटी, २०१८ ला १३ कोटी आणि २०१९ ला ३३ कोटी झाडांची उद्दिष्टं आली. यातली किती जगली हा वाद वेगळा, तो विधिमंडळापर्यंत गेला. माझा प्रश्न त्याच्या आधीचा आहे, की ती लावली कुठे. सुपीक शेत कोण देणार? म्हणून मग गायरान, टेकडी, माळ. आधी जेसीबीने सलग समतल चर काढायचे, म्हणजे गवताचा शेकडो वर्षांचा गड्डा उलटा करायचा. मग गिरिपुष्प, सुबाभूळ. ही जगली तर गवत मरतं. आणि रोपं मेली, जे आपल्याकडे नेहमी होतं, तर चर तेवढे राहतात आणि त्यांत वेडी बाभूळ येते. दोन्ही बाजूंनी मेंढपाळ बाहेर, कारण लागवडीला कुंपण असतं.

नान्नजची गोष्ट या सगळ्याचा कळस आहे. बाहेरच्यांना नान्नज म्हटलं की माळढोक आठवतो, आपल्याला द्राक्षं. सोनाका जात तिथलीच. १९७२ च्या दुष्काळाच्या सुमारास तिथे माळढोक आहेत हे जगापुढे आलं आणि १९७९ मध्ये अभयारण्य जाहीर झालं. आकार केवढा? ८,४९६ चौरस किलोमीटर. सोलापूर जिल्ह्याच्या निम्म्याहून जास्त भरेल एवढं, सोलापूर आणि नगर मिळून. त्यात गावं, बाजार, शेतं, सगळं आलं. प्रत्यक्ष सरकारच्या हातातले गवताचे तुकडे मात्र छोटे, विखुरलेले. ज्याची जमीन अभयारण्यात गेली त्याला खरेदी-विक्रीपासून विहिरीपर्यंत अडचणी आणि ज्याच्यासाठी हे केलं तो पक्षी लोकांनी कधी पाहिलेलाही नाही. लोकांचा राग पक्ष्यावर निघाला. पुढे २०१० नंतर क्षेत्र कमी करून सुमारे १,२२२ चौरस किलोमीटर केलं, पण तोवर मनं कडू झाली होती. दरम्यान उजनीचं पाणी आलं, ऊस आला, बागा आल्या, विजेच्या तारा आल्या. माळढोक वजनदार पक्षी, नर पंधरा किलोपर्यंत जातो, आणि त्याला उडताना समोरचं नीट दिसत नाही. तारेवर आदळून मरतो. मादी सहसा हंगामाला एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. कुत्र्यानं नेलं तर ते वर्ष गेलं.

वर सांगितलेला तो हजारचा आकडा आठवा. एका माणसाने एकट्याने मारलेले. आज सगळ्या देशात मिळून माळढोक दीडशेच्या आसपास आहेत, बहुतेक जैसलमेरकडे. नान्नजच्या गणनेत अलीकडे एखादा दिसला तर बातमी होते. लांडग्याची तऱ्हा फार वेगळी नाही. देशात सुमारे ३,१०० असल्याचा अंदाज आहे, म्हणजे वाघापेक्षा कमी. वाघाला प्रकल्प आहे, माळावरच्या लांडग्याला ‘पडीक’ जमीन आहे.

एक गोष्ट इथे मुद्दाम लिहितो, कारण माळ वाचवा म्हणणारे बरेच लोक ती गाळतात. ‘पड’ या शब्दावर फक्त सरकारनेच हक्क सांगितला नाही. १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४ मध्ये दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचे सत्याग्रह झाले. मागणी होती की पडीक सरकारी जमीन कसायला द्या. हजारो माणसं तुरुंगात गेली. मराठवाड्यात दलित कुटुंबांनी गायरानाचे तुकडे कसायला घेतले, त्यासाठी मार खाल्ला, खटले अंगावर घेतले. ज्यांना गावाने जमिनीच्या नावावर काही ठेवलंच नव्हतं त्यांनी उरलेल्या जमिनीवर हात ठेवला. आता आम्ही उठून त्यांना गवताचं महत्त्व शिकवायचं, हे मला पटत नाही. एक-दोन एकरांवर पोट असलेलं कुटुंब आणि शेकडो एकरांचा प्रकल्प या दोन गोष्टी एकाच ‘अतिक्रमण’ नावाखाली मोजू नयेत. माळ ज्यांनी खाल्ला त्यांची यादी केली तर भूमिहीन त्यात फार खाली येतील. कारखाने, वसाहती, खडी क्रशर आणि बड्या बागायतदारांचे हळूहळू सरकणारे बांध वर येतील.

आता आजच्याकडे. गेल्या दोन-तीन वर्षांत ‘पडीक’ला नवा मागणीदार आलाय, सौर प्रकल्प. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत गायरानाच्या जमिनी मागितल्या जातायत. माझा सौरऊर्जेला विरोध नाही. रात्री दोन वाजता बॅटरी घेऊन मोटार चालू करायला मीही जातो, दिवसा वीज मिळाली तर मला हवीच आहे. पण फाइल कशी चालते ते बघा. जमिनीच्या नावापुढे गायरान, क्षेत्र इतकं हेक्टर, सद्यस्थिती ‘पडीक’. त्या ‘पडीक’ जागेवर वर्षाला किती मेंढरं किती महिने चरतात, तिथून किती गवत कापून नेलं जातं, पाणी मुरून खालच्या कोणत्या विहिरी भरतात, याला रकानाच नाही. विंगेटच्या कागदातही नव्हता. त्या कागदाला आता दोनशे वर्षं व्हायला आली.

झाडांबद्दलही तेच. झाडं लावायला जागा भरपूर आहे : ओढ्याचे काठ, बांध, रस्त्याच्या कडा, शाळा, वस्त्या. आंबा, चिंच, लिंब, वड, जे जिथे जगतं ते. माळावर हिवर-बाभूळ आपली आपण येतात, विरळ, गवताला ऊन सोडून. त्यांना कुणी लावायची गरज नाही. आणि चराई पूर्ण बंद करणं हाही उपाय नाही, तसंच चराईला धरबंध नसणंही नाही. जुन्या पद्धतीत मेंढरं वर्षातले कित्येक महिने बाहेर असायची, माळाला उसंत मिळायची. आता बाहेरच्या वाटाच बंद होत चालल्यात, कोकणातल्या वाटेवर कुंपणं आहेत, म्हणून आहे त्या तुकड्यावर बारा महिने भार पडतो आणि मग कागद म्हणतो, बघा, माळ खराब झाला.

थोडं चांगलंही होतंय. सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य चिंकाऱ्यासाठी १९९७ पासून आहे, जेमतेम ५ चौरस किलोमीटरचं. रेहेकुरीला काळवीट टिकून आहे, सव्वादोन चौरस किलोमीटरच्या जागेत. २०२४ पासून इंदापूरच्या कडबनवाडीला आणि बारामतीच्या शिर्सुफळला वनखात्याने गवताळ सफारी सुरू केली. पुण्या-मुंबईचे लोक पैसे देऊन आपला माळ बघायला येतात. ज्या इंदापुरात १८३५ ला माळाला शून्य आणे मिळाले तिथेच!

एक काम आहे, आणि त्यासाठीच ही पोस्ट. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत लोक जैवविविधता नोंदवही असायला हवी. गावात काय उगवतं, काय राहतं, कोण कशासाठी वापरतं याची नोंद. बऱ्याच ठिकाणी ती मुदत संपत आली तेव्हा घाईघाईने भरून टाकली. आमच्या गावची मी पाहिली. तुळस आहे, वड आहे, चिमणी आहे. गायरानावरच्या एकाही गवताचं नाव नाही, धनगरांच्या वाटा नाहीत, लांडग्याची जागा नाही. गायरान देण्याचा ठराव पुढे आला तर ग्रामसभेत दाखवायला गावाच्या हातात हाच एक कागद असतो, आणि तो कोरा आहे.

म्हणून आम्ही चार-पाच जण जुन्या मेंढपाळांबरोबर बसून नावं उतरवून घेतोय. आतापर्यंत एकवीस गवतं झाली. काहींची नावं एका वाडीत एक आणि पलीकडच्या वाडीत दुसरी आहेत, दोन्ही लिहितोय. तुमच्या भागातली माहीत असतील तर खाली लिहा. गवताचं नाव, गाव, कधी फुलोरा येतो, मेंढरं कोवळं खातात की वाळलेलं, की तोंडच लावत नाहीत. फोटो असेल तर बुडापासून काढलेला टाका, नुसत्या तुऱ्यावरून ओळखायला अवघड जातं. आणि घरात कुणी ऐंशीच्या पुढचं असेल तर त्यांना एवढं विचारा, हूम पाहिला होता का. माळढोकाला आपल्याकडे जुनी माणसं हूम म्हणतात. कुठल्या माळावर पाहिला, कुठल्या साली, तेवढं लिहून ठेवा.